अब्दियास दु नासिमेंतु : सिनेटमध्ये ओलोरुन देवाचं नाव घेऊन बोलायला उभा राहणारा ब्राझीलचा कवी

नदीकाठ

कवी राजकारणात गेला की त्याची कविता वाळते, असा माझा कित्येक वर्षांचा समज होता. अब्दियास दु नासिमेंतु यांच्याबद्दल वाचत गेलो आणि तो गळून पडला. गेले तीन-चार महिने या माणसाने मला झपाटलंय, म्हणून हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

८ मे १९४५. युरोपातलं युद्ध त्याच दिवशी संपलं. त्या संध्याकाळी रिओ द जानेरोच्या म्युनिसिपल थिएटरात पडदा उघडला आणि रंगमंचावर काळे नट उभे होते. हे थिएटर १९०९ सालचं, पॅरिसच्या ऑपेरा हाउसवरून बेतलेलं. संगमरवर, सोनेरी नक्षी, शहरातल्या बड्या घराण्यांची उठबस. नाटक होतं अमेरिकन नाटककार यूजीन ओ'नीलचं 'द एम्परर जोन्स', मुख्य भूमिकेत आगिनाल्दु कामार्गु. हे घडवून आणलं अब्दियास यांनी, वयाच्या ३१ व्या वर्षी.

त्यांचा जन्म १४ मार्च १९१४ चा, साओ पावलो राज्यातल्या फ्रांका गावचा. कॉफीच्या मळ्यांचा मुलूख. वडील जोडे शिवायचे, आई दोना जोझिना मिठाई करून विकायची. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने बंद केली १३ मे १८८८ रोजी, म्हणजे यांच्या जन्माच्या अवघी २६ वर्षं आधी आणि अमेरिका खंडात सगळ्यांच्या शेवटी. तोवर आफ्रिकेतून आणलेली जवळपास ४८ लाख माणसं एकट्या ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. सुटका झाली तेव्हा त्यांच्या वंशजांच्या हाती ना जमीन आली, ना पैसा, ना शाळा.

लहानपणची एक आठवण ते म्हातारपणीही सांगत. शेजारची एक गोरी बाई एका अनाथ काळ्या पोराला बडवत होती. एरवी शांत असणारी त्यांची आई धावत गेली आणि पोराला तिच्या हातून सोडवलं. आपल्या माणसासाठी उभं राहणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

१९४१ मध्ये काही कवी मित्रांबरोबर ते दक्षिण अमेरिकेत हिंडत होते. पेरूची राजधानी लिमा इथे त्यांनी हेच 'एम्परर जोन्स' पाहिलं. नाटकाचा नायक काळा, आणि तो करणारा नट गोरा, तोंडाला काळं फासलेला. अब्दियास प्रेक्षकांत बसून होते. ब्राझीलमध्ये तरी वेगळं काय चालतं, हा प्रश्न त्यांना त्या खुर्चीतच पडला. तिथेही काळं पात्र म्हणजे हसवणारा नोकर, नाहीतर नुसता तबक घेऊन येणारा. जरा वजनाची भूमिका असली की गोऱ्या नटाला रंग फासायचा.

परत आल्यावर त्यांना अटक झाली. वंशभेदाला विरोध करताना झालेल्या जुन्या झटापटीत त्यांना गैरहजेरीत शिक्षा झाली होती. साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगात त्यांनी कैद्यांचं नाटक उभं केलं. लिहिणारे कैदी, बसवणारे कैदी, नट कैदी. सुटल्यावर रिओत १३ ऑक्टोबर १९४४ ला त्यांनी 'काळ्यांची प्रायोगिक रंगभूमी' स्थापन केली. ओ'नीलला पत्र लिहिलं, त्याने एक पैसा न घेता प्रयोगाची परवानगी दिली.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९४८ ते १९५० 'किलोंबु' (पळालेल्या गुलामांची वस्ती) नावाचं वर्तमानपत्र. 'सोर्तिलेजिउ' हे स्वतःचं नाटक १९५१ मध्ये लिहिलं, सेन्सॉरने अडवलं, प्रयोग व्हायला १९५७ उजाडलं. १९६८ मध्ये अमेरिकेत गेले, तेवढ्यात इकडे लष्करी राजवटीने फास आवळला आणि परतीची वाट बंद झाली. १९८१ ला मायदेशी. १९८३ ते १९८७ लोकप्रतिनिधी सभागृहात खासदार, नंतर दोन वेळा सिनेटर. मृत्यू २३ मे २०११, वयाच्या ९७ व्या वर्षी. 'काळे' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तिथल्या चळवळीने 'नेग्रु' हा शब्द शिवीतून उचलून अभिमानाने स्वतःला लावला.

तिसरी घंटा

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी कामगार नाट्यस्पर्धांत वीसेक वर्षं काम केलंय, त्यामुळे तो लिमाचा प्रसंग अंगावर आला.

या नाटकमंडळींबद्दल एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. यांच्याकडे नट म्हणून आले कोण? मोलकरणी, कामगार, झोपडवस्तीतले लोक, छोटे सरकारी नोकर. बऱ्याच जणांना वाचताच येत नव्हतं. संहिता हातात देऊन उपयोग काय? म्हणून आधी साक्षरतेचे वर्ग काढले. सुमारे ६०० जणांनी नाव नोंदवलं. विद्यार्थी संघटनेच्या इमारतीत संध्याकाळी वर्ग भरायचे आणि इरोनिदीस रोद्रिगीस शिकवायचे.

आमच्या पहिल्या नाटकात गिरणीतले एक काका होते. संवाद कुणीतरी वाचून दाखवायचं आणि ते ऐकून पाठ करायचे. तिसऱ्या महिन्यात ते स्वतः वहीत बोट ठेवून वाचायला लागले. तालमीच्या खोलीत त्या दिवशी कुणी बोललं नाही, सगळे ते बोट बघत होते. नाटकातून अक्षर येतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रूथ द सोझा ही पुढे नावाजलेली अभिनेत्रीही याच मंडळीतली, त्याच ८ मेच्या प्रयोगातली.

मांडवीपार

आमच्या घरी आजोबांचं शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालेलं, त्यामुळे ही भाषा कानावरून गेलीय. एक उच्चाराचं सांगते. ब्राझीलचे लोक 'दि'चा 'जि' करतात, म्हणून ते 'अब्जीअस' म्हणतात. गोव्यात आम्ही 'अब्दियास' असंच म्हणू. नासिमेंतु हे आडनाव आमच्याकडेही सापडतं. शब्दाचा अर्थ जन्म.

अवांतर वाटेल, पण राहवत नाही. हा गुलामांचा व्यापार फक्त अटलांटिकपलीकडे झाला असं नाही. पोर्तुगिजांनी मोझांबिकहून माणसं गोव्यातही आणली, विकली. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात त्यांची नावं कुठे सापडत नाहीत. म्हणून हा माणूस मला परका वाटत नाही.

सरळरेघ

लेख आवडला, पण दोन शंका आहेत. राग नसावा.

पहिली: ब्राझीलमध्ये अमेरिकेसारखे वेगळे डबे, वेगळ्या शाळा असे कायदे नव्हते. मिश्र विवाह सर्रास. मग तिथल्या वंशभेदाला त्यांनी आपल्या पुस्तकात 'वंशसंहार' म्हणणं अतिरेक नाही का?

दुसरी: १९३०च्या दशकात हे इंटिग्रलिस्ट चळवळीत होते ना? ती तर मुसोलिनीच्या वळणाची, हिरव्या सदऱ्यांची संघटना. याचा उल्लेख लेखात हवा होता.

नदीकाठ

सरळरेघ, राग कसला, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

दुसऱ्याचं आधी. हो, होते. तरुणपणी ते त्या संघटनेत गेले आणि १९३७च्या सुमारास बाहेर पडले. तिचा राष्ट्रवाद आणि परकीय भांडवलाला असलेला विरोध त्यांना खेचून घेऊन गेला. त्याच दशकात ते काळ्यांच्या आघाडीतही होते, जी १९३१ मध्ये सुरू झाली आणि १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष वार्गास यांच्या हुकूमशाहीने बंद पाडली. उल्लेख राहिला ही माझी चूक, मान्य. वीस-बावीस वर्षांच्या फ्रांकाच्या पोराला कुठेतरी आपली गणना व्हावी असं वाटत होतं आणि तो चुकीच्या दारातूनही आत गेला, एवढंच मी म्हणेन. त्याचं समर्थन करत नाही.

आता पहिली शंका. वेगळ्या डब्यांचे कायदे नव्हते हे खरं, पण म्हणून कायदे नव्हतेच असं नाही. १८९० चा स्थलांतराचा हुकूम बघा. युरोपीय मजुरांना दारं सताड उघडी आणि आफ्रिका-आशियातून येणाऱ्यांना संसदेच्या खास परवानगीशिवाय मज्जाव. त्याच वर्षीच्या दंडसंहितेत 'कापोएरा' हा काळ्यांचा लढाऊ नाच-खेळ खेळणं गुन्हा, बेकार हिंडणं गुन्हा. दोन वर्षांपूर्वी मळ्यावरून नुसता हाकलून दिलेला माणूस बेकार हिंडणार नाही तर काय करणार?

आणि मतदानाचं. १८८१ पासून निरक्षरांचं मत काढून घेतलं गेलं, ते परत मिळालं १९८५ मध्ये. शंभरावर वर्षं. कायद्यात 'काळा' हा शब्द कुठेही नाही, पण शाळेच्या दारात कोण पोचलं नव्हतं ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून 'तिसरी घंटा' यांनी लिहिलेले ते साक्षरतेचे वर्ग मला नुसते नाटकापुरते वाटत नाहीत. जो सही करायला आणि वाचायला शिकला, तो मतदार झाला.

नोकरीच्या जाहिरातीत 'चांगलं रूप आवश्यक' असं छापत. अर्ज घेऊन गेलेल्या काळ्या मुलीला त्याचा अर्थ दारातच कळायचा. आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिराती वाचत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एवढं असून सरकार जगाला सांगायचं की आमच्याकडे वांशिक लोकशाही आहे. १९७७ मध्ये नायजेरियात लागोसला जगभरच्या काळ्या कलावंतांचा मोठा महोत्सव भरला. अब्दियास तेव्हा इफे विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक होते. ही लोकशाही हे मिथक आहे असं सांगणारा त्यांचा निबंध तिथल्या परिषदेत ब्राझील सरकारच्या दबावामुळे स्वीकारला गेला नाही. मग विद्यापीठाने सायक्लोस्टाइल प्रती काढल्या आणि त्या हातोहात वाटल्या गेल्या. पुढच्या वर्षी त्याचंच पुस्तक झालं, ज्याच्या नावात तो शब्द आहे. मारण्याबरोबरच भाषा पुसणं, देव पुसणं, 'गोऱ्याशी लग्न करून वंश सुधारा' असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवणं, हे सगळं त्यांनी त्या शब्दात धरलं. शब्द जड आहे. मला तो पटतो.

ओवी

हे वाचताना एक तारीख डोक्यात आली. जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली १८७३ मध्ये आणि अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी तिथल्या गुलामांना मुक्त करायला मदत केली, त्यांना ती अर्पण केली. पुण्यात बसून हा माणूस एवढ्या लांबच्या दुःखाशी नातं जोडत होता, तेव्हा ब्राझीलमध्ये गुलामांची खरेदी-विक्री कायदेशीर होती आणि आणखी १५ वर्षं राहणार होती. मी शाळेत शिकवते. यंदा ही दोन सालं फळ्यावर शेजारी लिहिणार आहे.

पण मला कवितांबद्दल ऐकायचंय. लेखात आणि प्रतिसादांत कवी कुठेच दिसला नाही अजून.

हिमवाट

मी बफेलोला राहते, न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला. इथल्या विद्यापीठात ते १९७१ ते १९८१ प्राध्यापक होते, नव्या जगातल्या आफ्रिकी संस्कृती हा त्यांचा विषय. इथे नोव्हेंबरात सरोवरावरून बर्फ येतो तो कधीकधी एका रात्रीत दार अडवतो. पहिल्या वर्षी मी खिडकीशी उभं राहून मराठीत मोठ्याने बोलायचे, ऐकायला कुणी नसताना, जीभ जड होऊ नये म्हणून. त्यामुळे एक कळतं. इंग्रजीशी त्यांचं फारसं सूत नव्हतं आणि हातात शब्द नसताना त्यांनी कुंचला धरला. ओरिशा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या देवता, त्यांची चिन्हं, भडक पिवळे-तांबडे रंग. चित्रकला ते कुठे शिकले नव्हते.

आणि ती प्रसिद्ध कविता, 'पादे दि एशु लिबेर्तादोर', त्यांनी इथेच लिहिली, १९८१ च्या फेब्रुवारीत. बाहेर केवढा बर्फ असेल ते मला ठाऊक आहे.

नदीकाठ

ओवीताई, तुमची तक्रार बरोबर आहे. हिमवाट यांनी वाट करून दिलीच आहे.

ही कविता १९८३ मध्ये 'रक्ताचे आणि उमेदीचे आशे' अशा अर्थाच्या नावाच्या संग्रहात आली. आशे म्हणजे योरुबांची जीवनशक्ती, जी बोललेल्या शब्दात असते. संग्रहातल्या रचनांना त्यांनी 'ओरिकी' म्हटलंय. ओरिकी म्हणजे योरुबांकडे एखाद्याचं नाव, कूळ, पराक्रम गाऊन त्याला हाक मारणं. आपल्या बिरुदावलीच्या, पोवाड्याच्या जवळचं.

पादे म्हणजे एशुला दिलेला पहिला नैवेद्य. कांदोंब्ले या ब्राझीलमधल्या आफ्रिकी मुळाच्या पंथात कुठलाही विधी सुरू करण्याआधी कसाव्याचं पीठ पामतेलात कालवून, सोबत पाणी आणि दारू, असं एशुला देतात. तो वाटांचा आणि चौकांचा देव, माणसांचा निरोप इतर देवांपर्यंत नेणारा. तो तृप्त झाल्याशिवाय पुढे काही घडत नाही. तमाशात आधी गण होतो, दशावतारात आधी गणपती येतो, तसं. फरक एवढाच की पाद्र्यांनी या एशुला सैतान ठरवलं आणि पोलिसांनी पूजास्थळांवर धाडी घालून मूर्ती, ढोल जप्त केले. रिओच्या पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवलेल्या त्या पवित्र वस्तू २०२० मध्ये संग्रहालयाकडे सोपवल्या गेल्या.

या कवितेत अब्दियास एशुकडे काय मागतात? आपल्या तोंडात तुझी वाणी पेर, म्हणतात. जी भाषा माझी होती आणि चोरली गेली, ती मला परत दे. मग नावं घेत जातात. पळून आलेल्या गुलामांच्या पाल्मारेस वस्तीचा नेता झुंबी, लुईस गामाची आई लुईझा माईं, कवी आणि वकील लुईस गामा, आरमारातल्या फटक्यांविरुद्ध उठलेला खलाशी जुआंव कांदिदु. ही नावं ते पोर्तुगीजमध्ये घेतात, कारण दुसरी भाषा उरलीच नव्हती, हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

आणि म्हणून मला त्यांची कविता आणि खासदारकी वेगळी काढता येत नाही. सिनेटमध्ये बोलायला उभे राहिले की ते सुरुवातीला ओलोरुनचं नाव घ्यायचे, योरुबांचा सर्वोच्च देव. ज्या नावासाठी त्यांच्या आजीच्या पिढीला फटके बसले असते, ते नाव देशाच्या सर्वोच्च सभागृहाच्या इतिवृत्तात छापलं जायचं. ही ओरिकीच झाली.

कलमबंद

खासदारकीबद्दल मी थोडं लिहितो, आरक्षणाच्या कायद्यांवर काम करतो म्हणून.

१९८३ मध्ये त्यांनी मांडलेलं १३३२ क्रमांकाचं विधेयक वाचण्यासारखं आहे. सरकारी नोकऱ्यांत २० टक्के जागा काळ्या पुरुषांना आणि २० टक्के काळ्या स्त्रियांना. स्त्रियांचा हिस्सा वेगळा लिहिलाय, हे १९८३ सालचं आहे, लक्षात घ्या. शिष्यवृत्त्या, खासगी कंपन्यांना सवलती, शाळेच्या पुस्तकांत आफ्रिकेचा इतिहास. त्यांनी याला 'भरपाईची कृती' म्हटलं. आपल्या राज्यघटनेतली भाषा मागासलेपण आणि पुरेशा प्रतिनिधित्वाची आहे. त्यांची भाषा थकलेल्या मजुरीची आहे, इतक्या शतकांचं काम झालं, दाम मिळाला नाही. वकील म्हणून मला ही मांडणी फार सरळ वाटते.

विधेयक मतदानापर्यंत पोचलंच नाही. सिनेटर दार्सी रिबेरु यांच्यासोबत पर्यायी सिनेटर म्हणून, म्हणजे त्यांची जागा रिकामी झाली तर ती घेणारा म्हणून, ते निवडून आले होते. १९९७ मध्ये रिबेरु वारले आणि जागा यांच्याकडे आली. वय ८३. त्या वयात त्यांनी तोच मसुदा नव्याने मांडला. तोही अडकला.

पण मग बघा. आफ्रिकी इतिहास शाळेत सक्तीचा झाला २००३ मध्ये. विद्यापीठातल्या वांशिक कोट्यावर सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्कामोर्तब केलं एप्रिल २०१२ मध्ये, त्याच ऑगस्टमध्ये कायदा झाला. केंद्रीय नोकऱ्यांत २० टक्के २०१४ मध्ये. झुंबी मारला गेला तो दिवस, २० नोव्हेंबर, २०२४ पासून देशभर सुटीचा. अब्दियास गेले मे २०११ मध्ये. निकाल अकरा महिन्यांनी आला.

सरळरेघ

धन्यवाद सगळ्यांना. पहिल्या शंकेचं उत्तर मिळालं. १८९० चा हुकूम आणि मतदानाचं हे मला माहीत नव्हतं. 'वंशसंहार' या शब्दावर मी अजून विचार करतोय, लगेच हो म्हणणार नाही. २०२२ ची जनगणना मात्र उघडून पाहिली. स्वतःला काळे म्हणवणारे १०.२ टक्के आणि मिश्रवर्णी ४५.३ टक्के. निम्म्याहून जास्त देश, आणि त्यांच्यासाठी बोलणाऱ्याला पर्यायी सिनेटर म्हणून वाट बघावी लागते, हे खुपलं.

तिसरी घंटा

त्यांची रक्षा कुठे ठेवलीय? की दफन?

नदीकाठ

नोव्हेंबर २०११ मध्ये सेर्रा दा बारिगा डोंगरावर विसर्जन केलं. पळून आलेल्या गुलामांनी जिथे पाल्मारेसची वस्ती वसवली आणि सतराव्या शतकातला बराचसा काळ पोर्तुगीज फौजांशी झुंजत टिकवली, तोच डोंगर.

तिसरी घंटा

आमच्या मंडळात २० नोव्हेंबरला संध्याकाळी वाचन ठेवायचं चाललंय. त्या कवितेचा आशय मराठीत सांगून मग मूळ पोर्तुगीज मोठ्याने वाचायची. मांडवीपार ताई, देवाचं नाव नेमकं कसं म्हणायचं? इक्सु लिहिलेलं दिसतं.

मांडवीपार

'एक्स'चा उच्चार इथे 'श' होतो. ए-शू. दुसरं अक्षर लांबवा आणि जोर त्याच्यावर द्या, कुणाला लांबून हाक मारतो तसं. बाकीची कविता मी आवाजात रेकॉर्ड करून पाठवते, आजोबांच्या उच्चारात नाही, ब्राझीलच्या.